बॉक्सस्टरमध्ये साधं पेट्रोल टाकू, ९५ टाकू की सरळ १००?

घाटवेडा_पुणे
मंडळी, गेल्या महिन्यात सेकंडहँड पोर्शे बॉक्सस्टर घेतली, २०१४ ची, ९८१ म्हणतात ती, २.७ लिटरचं सहा सिलिंडरवालं इंजिन. कितीला पडली ते विचारू नका, घरी अजून खरा आकडा सांगितलेला नाही. प्रश्न पेट्रोलचा आहे.

पहिल्यांदा पंपावर गेलो तर पोरगा नोझल घेऊन गाडीला दोन प्रदक्षिणा घालून आला, झाकणच सापडेना बिचाऱ्याला. ते पुढच्या उजव्या चाकाच्या वर असतं, मलाही डीलरने दाखवलं म्हणून माहीत. मॅन्युअल काढून बघितलं तर त्यात लिहिलंय ९८ ऑक्टेन, नसेल तर ९५. माझा मित्र म्हणतो अरे अमेरिकेत कॅलिफोर्नियात याच गाड्यांमध्ये ९१ टाकतात आणि मस्त पळतात, आपलं साधं पेट्रोलसुद्धा ९१ च आहे, मग कशाला लिटरमागे जास्त पैसे घालवतोस. मला पटलं पण आणि नाही पण.

वापर म्हणाल तर महिन्याला चारपाचशे किलोमीटर, रविवारी पहाटे ताम्हिणी नाहीतर महाबळेश्वर, बाकी दिवस पार्किंगमध्ये कव्हर घालून. काय टाकू?

पिस्टनपंत
आधी एक गैरसमज काढून टाक. ऑक्टेन जास्त म्हणजे पेट्रोलमध्ये ताकद जास्त असं नसतं, पंपवाल्यांनी पॉवर, स्पीड अशी नावं दिल्यामुळे लोकांना वाटतं. ऑक्टेन म्हणजे पेट्रोल दाबाखाली आपोआप न पेटता किती दम धरतं त्याचा आकडा, बस.

लक्ष्मीबारची वात पेटवून आपण मागे सरतो ना, तो मधला वेळ महत्त्वाचा, वात निम्म्यात असताना हातात फुटला तर बोटं गेली. इंजिनातही तसंच आहे, स्पार्क पडून आग एका बाजूने पसरत जायला पाहिजे पण दाब आणि उष्णता जास्त झाली की कोपऱ्यातलं मिश्रण स्वतःच फुटतं, पिस्टनवर हातोडा बसल्यासारखा. डब्यात गोट्या खुळखुळल्यासारखा आवाज येतो, तेच नॉकिंग. तुझ्या गाडीचं कॉम्प्रेशन १२.५ ला १ आहे, जवळपास साडेबारा पट दाबते ती. अशा इंजिनाला दम धरणारं पेट्रोल लागतंच. उलट एखाद्या साध्या हॅचबॅकमध्ये १०० टाकलं तर पैसे गेले, बाकी काही नाही.

तुफानी_टीएसआय
एवढं काही नसतं हो. मी माझ्या पोलो जीटीत सहा वर्षं साधंच टाकतोय, ७० हजार किमी झाले, एकदाही नॉकिंगचा आवाज नाही. टर्बो आहे तरी. सगळा मार्केटिंगचा खेळ.

पिस्टनपंत
@तुफानी आवाज येत नाही कारण गाडीचा कॉम्प्युटर तुझ्या वतीने निस्तरतोय. ब्लॉकवर नॉक सेन्सर असतो, जरा खुडबुड जाणवली की स्पार्क उशिरा टाकतो, इंजिन वाचतं पण पिकअप थोडा मरतो आणि ॲव्हरेज पण. एप्रिलमध्ये भर दुपारी एसी लावून, चौघं बसवून, घाटात तिसऱ्या गिअरमध्ये दीड हजार आरपीएमवर गाडी दाबून बघ, मग सांग. कमी आरपीएम आणि जास्त लोड, नॉकिंगला तेच आवडतं. म्हणून घाटात गिअर खाली टाका रे, पेट्रोल कुठलंही असो.

सनीव्हेलचा_नाशिककर
@घाटवेडा तुझ्या मित्राला माझ्याकडे पाठव. मी इथे कॅलिफोर्नियातच भरतो पेट्रोल म्हणून सांगतो, इथलं ९१ आणि तिकडचं ९१ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतात आणि युरोपात जो आकडा लिहितात तो आर ओ एन, म्हणजे रिसर्च ऑक्टेन नंबर, ऑक्टेन मोजायच्या एका टेस्टचा आकडा. इथे पंपावर पिवळ्या स्टिकरवर जो असतो तो आर ओ एन आणि एम ओ एन (मोटर ऑक्टेन नंबर) अशा दोन टेस्टची सरासरी, आणि एम ओ एन ची टेस्ट जास्त कडक असल्यामुळे तिचा आकडा नेहमी कमी येतो. त्यामुळे इथलं ९१ म्हणजे तुमचं साधारण ९५ किंवा ९६. आणि तुमचं ९१ म्हणजे इथलं ८७, जे आम्ही बायकोच्या कोरोलात टाकतो.

म्हणजे मित्र ज्या भरवशावर साधं टाक म्हणतोय ते इथलं सगळ्यात महागडं पेट्रोल आहे 😄 शेर आणि किलो एकच समजून बाजार करण्यातला प्रकार झाला हा.

घाटवेडा_पुणे
बाप रे. हे कुणीच सांगितलं नव्हतं. मित्राला लिंक पाठवली, ब्लू टिक आली, उत्तर नाही. म्हणजे ९५ वालं फायनल समजू ना?

गॅरेजकाका
थांब जरा, एवढ्यात फायनल करू नकोस. तुम्ही सगळे ऑक्टेनवर भांडताय आणि खरी गोष्ट बाजूलाच राहिली. २०२५ पासून जवळपास सगळ्या पंपांवर ई २० आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०० च्या वर असतं त्यामुळे ते मिसळलं की साधं पेट्रोलसुद्धा ९५ च्या आसपास जातं. ९१ की ९५ हा वाद निम्मा तिथेच संपला. आता साध्याच्या वरचे पैसे तू मुख्यतः त्यातल्या सफाईच्या केमिकलचे देतोस, आणि या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडतं, इनटेक व्हॉल्व्हवरून जातच नाही, त्यामुळे तिथला कार्बन ते केमिकल धुणार नाही.

आता मॅन्युअलमध्ये ऑक्टेनच्या जवळपासच बघ, इथेनॉल १० टक्क्यांपर्यंत चालेल असं लिहिलेलं असणार. २०१४ ची गाडी आहे ती. रोज पळणारी असती तर मी एवढं बोललो नसतो, पण तुझी कव्हरखाली उभी राहते, त्यात आपला पावसाळा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की ते आणि इथेनॉल मिळून तळाला बसतं, आणि पंप ओढतो तो तळातूनच. माझ्याकडे दर सप्टेंबरला जून ते ऑगस्ट बंद ठेवलेल्या जुन्या बाइक येतात, कार्ब्युरेटर उघडला की आत पांढरट हिरवट राप आणि फुगलेलं रबर. तुझी टाकी बंद सिस्टिमची आहे, इतकं वाईट होणार नाही, पण सील आणि होज पोर्शेचे आहेत, बिल पण पोर्शेचंच येईल.

आमच्या उमेदवारीच्या काळात पंपावर ८७ आणि ९३ असे दोन असायचे, दोन्हीत शिसं. स्कूटरवाले त्यात ऑइल मोजून घालायचे. सन २००० मध्ये शिसं गेलं देशातून. तेव्हाही लोक म्हणायचे आता इंजिनं बसणार, नाही बसली. म्हणून इथेनॉलच्या नावाने मी बोंब मारत नाही, नवीन गाड्या त्यासाठीच बनवल्यात. जुनीला सांभाळा एवढंच.

घाटवेडा_पुणे
काका मॅन्युअल बघितलं, १० टक्केच लिहिलंय. मग ९५ वाल्यात इथेनॉल नसतं का?

गॅरेजकाका
असतं. महाग आहे म्हणून शुद्ध आहे असं नाही. एक्सपी १०० (इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनवालं पेट्रोल) मध्ये नसतं, पण त्याचा भाव लिटरला १६० च्या घरात, आणि मिळतं ठरावीक पंपांवर. शिवाय खप नाही त्यामुळे टँकर कधी आला होता ते विचारून घे, सहा महिने टाकीत मुरलेलं १०० काय कामाचं.

जुगाड सांगतो. अर्धी टाकी १००, अर्धी टाकी ९५ नाहीतर साधं. इथेनॉल आपोआप २० चं १० झालं, ऑक्टेन ९७ च्या आसपास. मॅन्युअलमधल्या दोन्ही अटी बसल्या. पावसाळ्यात गाडी लावून ठेवताना मात्र शेवटची टाकी नुसती १०० ची आणि काठोकाठ, म्हणजे आत हवा कमी राहते.

तुफानी_टीएसआय
काका हे भारी आहे. (मी तरी साधंच टाकणार 😅)

घाटवेडा_पुणे
अपडेट देतो. आज सकाळी गेलो. ३० लिटर १०० आणि ३० लिटर ९५, नुसतं ९५ भरलं असतं त्यापेक्षा दीड हजार जास्त गेले, महिन्यातून एकदाच टाकी भरते म्हणून चालवून घेऊ. १०० चं मशीन एका कोपऱ्यात होतं, नोझलवर चक्क प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली. टँकर कधी आला विचारलं तर मॅनेजर म्हणाला मागच्याच आठवड्यात. पोराने पिशवी सोडली, नोझल पुसलं आणि सरळ गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला.