मदत हवी आहे: कोलायटिस असताना प्रोस्टेटला रेडिएशन
नमस्कार. आम्ही कोथरूडला राहतो. बाबांना (वय ६८) बरीच वर्षं अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याचा आजार) आहे, सध्या मेसालामाइन या औषधावर शांत. आता प्रोस्टेटचा कॅन्सर निघालाय, सुदैवाने पसरलेला नाही. डॉक्टरांनी ऑपरेशन आणि रेडिएशन असे दोन्ही पर्याय दिलेत. बाबांचा ओढा रेडिएशनकडे, चिरफाड नको म्हणतात. पण गुदाशय प्रोस्टेटला अगदी खेटून असतो, थोडा डोस त्याला लागणारच. आधीच सुजणाऱ्या आतड्याला ते झेपेल का? रक्त पडणं पुन्हा सुरू झालं तर? मला फार धास्ती वाटते.

कोलायटिस असून कुणी आयएमआरटी (नेमक्या जागी डोस देणारं रेडिएशन) घेतली आहे का, प्रोस्टेट आणि गुदाशयाच्या मध्ये जेल स्पेसर (दोघांत अंतर ठेवणारं जेल) घालून? आणि पुण्यात पोटविकारतज्ज्ञ व रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसून सल्ला देतील असं कुठे आहे? पुढच्या आठवड्यात निर्णय कळवायचाय.