सिंगापुरातली शिस्त नेमकी कोणाला लावलेली आहे? (मानपाड्याच्या बिबट्याच्या निमित्ताने)

पातलीपाडाकर:

'परतलेला ठाणेकर' यांचा परवाचा लेख वाचल्यापासून स्वस्थ बसवत नाही, म्हणून तिथे प्रतिसाद न देता वेगळा धागा काढतो आहे. ज्यांच्या नजरेतून तो सुटला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सिंगापुरात बरीच वर्षे काढून ते परतले, ठाण्यात मानपाड्याला डोंगराच्या बाजूचा फ्लॅट घेतला, आणि आता माकडे स्वयंपाकघरात शिरतात व मागच्या कुंपणावर कॅमेऱ्यात बिबट्या दिसला, म्हणून वनविभागाने पिंजरे लावून हे सगळे प्राणी 'खोल जंगलात' नेऊन सोडावेत अशी त्यांची मागणी आहे. 'तिथे प्राणीसुद्धा शिस्तीत असतात, इथे कशालाच धरबंध नाही' हे त्यांचे वाक्य मला फार खटकले.

सिंगापुरातली शिस्त माणसांना लावलेली आहे. वन्यप्राण्याला खाऊ घातल्यास २०२० पासून तिथे पहिल्याच वेळी ५,००० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, आणि कबुतरांचाही त्याला अपवाद नाही. मी टोरोंटोला राहत होतो. तिथे रकूनचा (कचरा उपसणारा, मांजराहून थोडा मोठा जंगली प्राणी) उपद्रव इतका की २०१६ पासून महापालिकेने ओल्या कचऱ्यासाठी फिरवून उघडायच्या कडीचे डबे घरोघरी दिले. डबा गाडी येण्याच्या दिवशी सकाळीच बाहेर ठेवायचा. कोणी आदल्या रात्री ठेवला तर शेजारीण दार वाजवून समज देऊन जात असे. रकून पकडून लांब नेऊन सोडावा म्हटले, तर ओंटारिओ प्रांतात पकडलेला प्राणी एक किलोमीटरच्या पलीकडे सोडायलाच मनाई आहे. ज्या 'परदेशा'चे दाखले आपण देतो, तिथे ही मागणी बेकायदा ठरली असती.

आता आपल्याकडे पाहा. आमच्या सोसायटीत मीटर रूमच्या मागे ओल्या कचऱ्याचे निळे पिंप आहे. त्याचे झाकण केव्हाच तुटले, म्हणून त्यावर प्लायवूडचा तुकडा आणि त्यावर वीट ठेवलेली असते. रविवारी दुपारी कोंबडीची हाडे आणि कोळंबीची सालपटे पडू लागली की वीट खाली येते आणि रात्रभर कुत्री तिथून हलत नाहीत. आपल्या डोंगरावरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा आहे, हे त्यांच्या विष्ठेच्या अभ्यासांतून पुन:पुन्हा दिसले आहे. म्हणजे पान आपणच वाढायचे, आणि पाहुणा आला की पोलिसांना बोलवायचे.

राहिला प्रश्न 'खोल जंगला'चा. हे उद्यान १०४ चौरस किलोमीटरचे आहे. पलीकडे बोरिवली, दक्षिणेला भांडुप-मुलुंड, अलीकडे आपण. यात खोल म्हणावे असे काय उरले आहे? २०१५ च्या कॅमेरा-गणनेत येथे ३५ बिबटे नोंदले गेले आणि २०१८ मध्ये ४७. एक उचलला तर त्याची जागा दुसरा घेतो. २००० नंतरच्या काही वर्षांत जुन्नरच्या ऊसपट्ट्यातले बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले, आणि जिथे सोडले त्या भागांत माणसांवरचे हल्ले वाढले, हे बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवून ठेवले आहे. एवढे माहीत असताना तीच चूक ठाण्यात करण्याची मागणी सुशिक्षित माणसाने करावी, याचा मला राग आहे.

परतलेला ठाणेकर:

माझ्या लेखातली अर्धीच बाजू आपण उचललीत. सिंगापुरात माणसांना दंड होतो हे खरे आहे, पण तेथील प्रशासन प्राण्यांच्या बाबतीत हात बांधून बसत नाही, हे आपण का सांगत नाही? २०१३ या एका वर्षात तिथल्या यंत्रणेने ५०० हून अधिक उपद्रवी माकडे पकडून मारली. ते योग्य होते असे मी म्हणत नाही. परंतु तक्रार केली की माणूस येतो, पाहतो आणि काहीतरी करतो. ज्यांचे एवढे कौतुक होते त्या पाणमांजरांनी २०२१ च्या अखेरीस बोटॅनिक गार्डन्समध्ये सकाळी फिरायला आलेल्या एका गृहस्थांना चावे घेतले, तेव्हा तिथेही लोक घाबरलेच होते.

आणि पाणमांजर, रकून यांची बिबट्याशी तुलनाच होऊ शकत नाही. टोरोंटोच्या रकूनने कोणाचे मूल उचलून नेले नाही. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत शिरूर तालुक्यात लहान मुलांचे जीव गेले, ते आपण वाचले नाही काय? माझी मुलगी संध्याकाळी खाली खेळायला जाते. भिंतीवर बसलेल्या त्या जनावराची चित्रफीत पाहिल्यापासून तिची आई गॅलरीतून हलत नाही. माकडाने माझ्या सासूबाईंच्या हातातून पोळीचा डबा हिसकावला, त्यात त्या पडल्या आणि मनगट मोडले. अशा वेळी मला अभ्यासाचे निष्कर्ष ऐकवणे सोपे आहे.

येऊरवासी:

आपण दोघेही खिडकीतून बोलत आहात, म्हणून मला लिहावे लागते आहे. बिबट्याचा खरा शेजार उद्यानाला लागून असलेल्या आमच्या येऊरच्या पाड्यांना आहे. पाटोणापाड्याच्या बायका आजही पहाटे अंधारात बाहेर पडतात, मुले शेवटच्या बसमधून उतरून चालत घरी येतात. २००४ च्या जूनमध्ये उद्यानाच्या आसपास एकापाठोपाठ एक हल्ले झाले, तेव्हाच्या रात्री आमच्या घरातली मोठी माणसे अजून विसरलेली नाहीत. तरीही बिबट्या उचलून न्या असे आमच्या आजीने कधी म्हटले नाही. वाघोबाला शेंदूर लावणारी माणसे आहोत आम्ही. लहान मुलाला अंधारात एकटे सोडायचे नाही, चौघांनी मिळून बोलत जायचे, शेळ्या रात्री आत घ्यायच्या, हे तिने आम्हाला शिकवले.

आमची तक्रार शहराकडूनच आहे. शनिवार-रविवारी बंगल्यांवर पार्ट्या होतात, मध्यरात्रीपर्यंत स्पीकर वाजतात आणि सोमवारी सकाळी रस्त्याच्या कडेला हाडांनी भरलेल्या पिशव्या पडलेल्या असतात. त्यावर पोसलेल्या कुत्र्यांच्या मागे बिबट्या आमच्या पडवीपर्यंत येतो. 'परतलेला ठाणेकर' यांना माझे विचारणे आहे की, पिंजरा त्यांच्या कुंपणाजवळ लागेल आणि पकडलेले जनावर आमच्या बाजूला सोडले जाईल, तेव्हा आमच्या मुलांचे काय?

कोलशेतकर:

बिबट्या वर्षातून कधीतरी दिसतो, त्यावर एवढी चर्चा. माझ्या घरात रोज मरण येते ते कबुतरांमुळे, आणि त्यावर कोणी एक ओळ लिहीत नाही. आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ एसीच्या बाहेरच्या यंत्रावर रोज ज्वारी टाकतात. डक्टमध्ये विष्ठेचा थर इतका जमला आहे की प्लंबर उतरायला तयार होत नाही. माझ्या आईला आधी साधा खोकला होता, नंतर जिना चढताना धाप लागू लागली. फुफ्फुसांच्या डॉक्टरांनी स्कॅन पाहून पहिला प्रश्न विचारला तो हाच: 'घराजवळ कबुतरे आहेत का?' आज तिला रात्री प्राणवायूचे यंत्र लावावे लागते. सिंगापूरचा दंड इथे आणायचाच असेल, तर पहिली पावती त्या गृहस्थांच्या नावाने फाडा.

चरईकर:

हा धागा बिबट्यांचा आहे, पण विषय निघालाच आहे तर मीही बोलतो. आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर माझे आजोबा दाणे टाकत, वडील टाकत आणि मीही टाकतो. आमच्याकडे त्यामुळे कोणी आजारी पडले नाही. मुक्या जिवाला मूठभर दाणे घालणे हा एकदम गुन्हा कसा झाला? २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, तेव्हा तिथे रस्त्यावर तडफडणारी पाखरे पाहून माझ्या पत्नीला रात्रभर झोप लागली नाही. कोलशेतकरांच्या मातोश्रींबद्दल मला वाईट वाटते, पण या शहरात रस्त्यांची धूळ आहे, घोडबंदरच्या अवजड ट्रकांचा धूर आहे, बांधकामांची माती आहे. सगळा दोष पाखरांवर ढकलणे सोयीचे आहे, एवढेच.

कोलशेतकर:

'वाईट वाटते, पण' हे शब्द लिहिताना आपला हात कसा थरथरला नाही? धुळीने आणि धुराने होणारे आजार वेगळे असतात. विष्ठेच्या कणांनी होणारा हा फुफ्फुसदाह डॉक्टर वेगळा ओळखतात, आणि त्यावर पहिला उपाय म्हणजे कबुतरांपासून दूर राहणे. आम्ही दूर जायचे कुठे? कर्ज काढून घेतलेले घर विकायचे? आपल्या पुण्याची किंमत माझ्या आईने श्वासाने मोजायची, हे मी मान्य करणार नाही. उच्च न्यायालयानेही लोकांच्या आरोग्याचा विचार करून मुंबईतली दाणे टाकण्याची बंदी उठवायला नकार दिला. ठाण्यात कोणी विचारत नाही म्हणून आपले चालले आहे.

चरईकर:

माझ्या पुण्याचा हिशेब आपण करू नये. मी माझ्या गच्चीवर दाणे टाकतो, कोणाच्या खिडकीखाली टाकत नाही.

परतलेला ठाणेकर:

कबुतर गच्ची आणि खिडकी यांतला फरक जाणत नाही, चरईकर. सिंगापुरात आमच्या इमारतीत एका वृद्ध बाईंना पाव टाकल्याबद्दल दंड झाला होता. तेव्हा मला ते निर्दय वाटले होते. कोलशेतकरांनी लिहिलेले वाचल्यावर तसे म्हणवत नाही. या एका मुद्द्यावर दंड असावा, हे मी मान्य करतो.

पातलीपाडाकर:

मग हाच न्याय माकडांना आणि कुत्र्यांना लावण्यास आपली हरकत का असावी? मानपाड्याच्या निसर्ग केंद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोटारी थांबवून माकडांना बिस्किटे देणारी कुटुंबे मी स्वत: पाहतो. खिडकीतून पिशवी हिसकावायला माकडाला कोणी शिकवले, हे तिथे पाचच मिनिटे उभे राहिले तरी कळते. आपल्या सासूबाईंचे मनगट मोडले याचे मला मनापासून दु:ख आहे, आणि म्हणूनच सांगतो की, ते माकड नेले तरी बिस्किटे चालू राहिली तर पुढच्या महिन्यात दुसरे येईल. बिबट्या ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमधली, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेली प्रजाती आहे. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीवाचून त्याच्यासाठी पिंजरा लावता येत नाही, आणि तो नुसता भिंतीवर दिसला एवढ्या कारणाने परवानगी मिळू नये असेच मला वाटते. २०१९ च्या फेब्रुवारीत समतानगरजवळच्या मॉलमध्ये बिबट्या शिरला तेव्हा त्याला बेशुद्ध करून पकडावेच लागले. त्याला माझा विरोध नव्हता. तिथे दुसरा मार्ग नव्हता, इथे आहे.

परतलेला ठाणेकर:

पिंपांना झाकणे, मटणाचा कचरा वेगळा बांधून सकाळीच देणे आणि डोंगराकडच्या भिंतीवर दिवे, एवढ्या ठरावावर मी आमच्या वार्षिक सभेत सही करीन. त्यानंतरही बिबट्या भिंतीवर दिसला तर पिंजऱ्याची मागणी मी पुन्हा करीन, हे आताच सांगून ठेवतो. माझ्या मुलीच्या जिवावर मी कोणाचा सिद्धांत तपासून पाहणार नाही.

येऊरवासी:

ठराव करताना दिवे फक्त आपल्या भिंतीपुरते मागू नका. येऊरच्या फाट्यापासून पाड्यांपर्यंतच्या वाटेवर दिवा नाही, आणि शेवटची बस चुकली की मुलांना तोच रस्ता पायी तुडवावा लागतो. महापालिकेकडे अर्ज जाणार असेल तर त्यात रात्रीच्या जादा बसची आणि पाड्यांवरून कचरा उचलणाऱ्या गाडीची मागणीही घाला. सह्या आमच्याकडूनही मिळतील. आणि चरईकर, आपल्याला दाणेच घालायचे असतील तर तो पैसा पाड्यावरच्या शाळेच्या पोषण आहाराला द्या. मी स्वत: येऊन घेऊन जाईन.