६५० ट्विनची थ्रॉटल बॉडी घरीच सिंक करायची आहे, गेज नाही

दारव्हा_ट्विन:
रॉयल एनफिल्डची दोन सिलिंडरची इंटरसेप्टर ६५०. गरम झाली की स्लोवर (मूठ सोडून उभी चालू असताना) थरथरून राहिली, आरसे हलतात. दुसऱ्या गिअरमध्ये मूठ जराशी उघडली की झटका देते. वरच्या आरपीएमला एकदम मख्खन. एअर फिल्टर आणि प्लग नवे आहेत, चेक लाइट नाही. सर्व्हिस सेंटरसाठी यवतमाळ नाहीतर अमरावती गाठावी लागते, आणि तिथेही गाडी दिवसभर ठेवून घेतात. दोन सिलिंडरची ओढ मोजायचे व्हॅक्यूम गेज नाही. गावात मिळणाऱ्या सामानातून सिंक जमेल का, म्हणजे दोन्ही थ्रॉटल बॉडीतून (सिलिंडरला हवा सोडणाऱ्या झडपांतून) सारखी हवा जाईल असे करता येईल का?

पाना_दहाचा:
जमते भाऊ. पण आधी टॅपेट, मग सिंक. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, इंजिन पूर्ण थंड असताना मॅन्युअलच्या मापाला लावा. एका बाजूचा इनटेक टॅपेट टाइट असेल तर त्या सिलिंडरचा व्हॅक्यूम तसाच कमी दिसतो. मग तुम्ही स्क्रू फिरवून दोन्ही बाजू सारख्या कराल, पण खरा दोष आत तसाच राहील. थ्रॉटल बॉडी आणि हेडमधल्या रबरी जोडावरही चालू गाडीत थोडे पाणी शिंपडून पाहा. आवाज बदलला तर तिथून हवा ओढून राहिली.

आता गेज. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, आतून ६ मिमी, ३ मीटर. सव्वा मीटरच्या फळीवर U आकारात बांधा. दोन्ही पाय १.२ मीटर, जवळजवळ. दोन्ही अर्धे भरतील इतके तेल घाला, साधारण ३५ मिली. २टी (टू-स्ट्रोक गाडीचे) तेल चांगले, रंग दिसतो आणि चुकून थोडे इंजिनात गेले तर जळून जाते. ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक तेलही चालते. बुडबुडे पूर्ण निघू द्या. इंजिन बंद असताना दोन्हीकडची पातळी एकसारखी दिसली पाहिजे.

ही नळी फक्त फरक दाखवते. तेलाचे सुमारे १२ सेंमी म्हणजे १ किलोपास्कल (दाबाचे माप). पाऱ्याच्या गेजवरचा १ सेंमी इथे साडेपंधरा सेंमी होतो, म्हणून स्वस्तातल्या घड्याळी गेजपेक्षा ही जास्त बारीक मोजते. धोकाही त्यातच आहे. स्लोवर प्रत्येक सिलिंडर साधारण २५ ते ३५ किलोपास्कल ओढतो. एका बाजूची नळी निसटली की तेलाला तीन-चार मीटर चढायचे बळ मिळते, आणि तुमची फळी सव्वा मीटरची. सगळे तेल डोळ्यांदेखत इंजिनात. धुराचे सोडा, ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक (सायलेंसरमधला धूर साफ करणारा भाग) खराब होतात.

म्हणून U चे प्रत्येक टोक आणि इंजिन यांच्यामध्ये एकेक सॉसची काचेची बाटली लावा. टोपणाला दोन भोके, दोन नळ्या, एम-सीलने बंद. दोन्ही नळ्यांची टोके टोपणाजवळच संपली पाहिजेत. इंजिनाकडची नळी तळापर्यंत गेली तर बाटली असून नसल्यासारखी. पाण्याची पातळ प्लास्टिक बाटली व्हॅक्यूमने चेपते, ती नकोच.

रुई_आणि_पेट्रोल:
पाना भाऊंच्या गेजला एक जोड. नुसत्या नळीत तेल इतके नाचते की वाचता येत नाही. या गाडीच्या २७० डिग्री क्रँकवर दोन सिलिंडरचे झटके समान अंतराने पडत नाहीत. नळीत बारीक भोक बसवले की नाच कमी होतो. फॅब्रिकेशनवाल्याकडे ०.८ मिमीची मिग वेल्डिंगची टिप मिळते. दोन्ही बाजूंना एकेक, एकाच मापाची, नळीत घट्ट बसवून क्लिप लावा. वेगवेगळ्या मापाची लावली तर रीडिंग एका बाजूला झुकू शकते.

थ्रॉटल बॉडीवर जिथे या नळ्या जोडायच्या त्या पोर्टवरच्या रबरी टोप्या काढताना पाहा. एखाद्यावर कॅनिस्टरची (पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या डब्याची) नळी असेल तर ती काढून तिचे तोंड बंद करा, उघडी राहिली तर तिथूनच हवा जाईल. मॅप सेन्सरची (इनटेकमधला दाब मोजणाऱ्याची) नळी असेल तर काढायची नाही, टी लावून जोडायची.

दारव्हा_ट्विन:
टॅपेट लावले, नळी तयार आहे. डावीकडचे तेल २० सेंमी वर चढले. कोणता स्क्रू, किती फिरवू?

पाना_दहाचा:
तेल वर चढले तिकडे व्हॅक्यूम जास्त, म्हणजे त्या बाजूला हवा कमी. आधी मॅन्युअलमध्ये पाहा की तुमच्या थ्रॉटल बॉडीवर बायपास एअर स्क्रू (झडपेला वळसा घालून जाणारी हवा कमी-जास्त करणारे) आहेत की दोन बटरफ्लायना, म्हणजे आतल्या गोल झडपांना, जोडणारा लिंकेज स्क्रू. बायपास असेल तर डावा स्क्रू पाव फेरी उघडा, रेस देऊन सोडा, तेल स्थिर होईपर्यंत थांबा, मग पुढची पाव फेरी. फरक ३-४ सेंमीत आला की थांबा. त्याच्या पुढे झटून काही फायदा नाही होत.

रंगाचा ठिपका असलेला स्टॉप स्क्रू आणि थ्रॉटल पोझिशन सेन्सरचे स्क्रू यांना हात लावू नका. आणि आरपीएमवर भरवसा ठेवू नका. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) स्लो सांभाळून घेतो, त्यामुळे बिघडलेल्या सिंकमध्येही काटा जागेवरच दिसतो.

शेवटी ३००० आरपीएमवर धरून पाहा. स्लोवर बरोबर आणि तिथे फरक पडत असेल तर बायपासचा दोष नाही. एका बटरफ्लायवर काजळी जमली असेल किंवा लिंकेज हललेले असेल. मऊ फडक्यावर क्लीनर घेऊन पुसा, बटरफ्लाय बोटाने ढकलू नका.

रुई_आणि_पेट्रोल:
एप्रिल-मेमध्ये हे काम सकाळी सातच्या आत उरका. हवेवर थंड होणारी गाडी उभ्या उभ्या तापते आणि रीडिंग सरकत राहते. घरचा कूलर पाणी न टाकता इंजिनासमोर लावा, तरी चार-पाच मिनिटांवर सलग चालवू नका. गाडी अंगणात ठेवा, गोठ्यात किंवा बंद खोलीत नको, सायलेंसरचा वायू जीव घेतो.

सिंक होऊनही थरथर राहिली तर थंड गाडी सुरू करून अर्ध्या मिनिटात दोन्ही बेंड पाइपवर (सिलिंडरमधून सायलेंसरकडे जाणाऱ्या) पाण्याचा एकेक थेंब टाका. एकीकडे लगेच उडाला आणि दुसरीकडे नुसता ओघळला तर तो सिलिंडर नीट जळत नाही. मग प्लग कॅप आणि इंजेक्टर पाहायचे, नळी गुंडाळून ठेवा.