मदत हवी आहे: रोटरीची साप्ताहिक सभा दर आठवड्याला ठेवावी की महिन्यातून दोनदा?

घाटावरची:

नमस्कार मंडळी,

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावातून लिहितेय. माझं औषधांचं दुकान आहे आणि गेली चौदा वर्षं मी आमच्या रोटरी क्लबची सभासद आहे. येत्या १ जुलैला अध्यक्षपद माझ्याकडे येतंय. त्याआधी एक गोष्ट ठरवायची आहे आणि ती मला एकटीला सुटत नाहीये, म्हणून हा धागा. रोटरी, लायन्स, जेसीज, महिला मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, कुठंही नेमानं सभा चालवलेल्यांनी कृपया अनुभव सांगा.

आमची सभा दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला असते. क्लब निघाला तेव्हा गुरुवारी बाजारपेठ बंद असायची, म्हणून तो वार धरला. आता गुरुवारी कुणीच दुकान बंद ठेवत नाही, पण वार तोच राहिला. कागदावर आम्ही ३८ जण आहोत. मी आले तेव्हा २५-२६ जण तरी हमखास असायचे. या फेब्रुवारीत एका गुरुवारी आम्ही ७ जण होतो. माती परीक्षणावर बोलायला पाहुणे साताऱ्याहून गाडी करून आले होते. सार्जंटनी (सभेची मांडामांड बघणारे आमचे पदाधिकारी) मांडलेल्या चाळीस खुर्च्यांपैकी मागच्या तीन रांगा आम्ही घाईघाईनं उचलून भिंतीला लावल्या, पाहुण्यांना त्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून. ते फार चांगलं बोलले. मला मात्र त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

फेब्रुवारीत द्राक्षांची काढणी असते, आमचे पाच-सहा सभासद बागायतदार आहेत, त्यांचं मी समजू शकते. पण जूनमध्येही आकडा बारावर जात नाही.

क्लबमध्ये आता दोन बाजू झाल्या आहेत. तरुण मंडळी (म्हणजे चाळिशीतली) म्हणतात, महिन्यातून दोनच सभा ठेवा, त्या नीट करा, उरलेल्या वेळात प्रकल्प करू. नियम आता परवानगी देतो असंही ते म्हणतात. जुने सभासद म्हणतात, साप्ताहिक सभा गेली की क्लब गेला, मग उरतो तो फक्त व्हॉट्सअॅपचा ग्रुप. दोन्हीकडची माणसं चांगली आहेत, दोन्हीकडचं मला पटतं, आणि हीच अडचण आहे.

जुन्यांचं का पटतं ते सांगते. २०१९ चा महापूर. ऑगस्टच्या त्या आठवड्यात सांगलीला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. ८ ऑगस्टला गुरुवारच होता. त्या दिवशी सभा अशी झालीच नाही, सभेच्या हॉलमध्ये आम्ही भाकरीचे गठ्ठे बांधत होतो. माझ्या दुकानात वीज नव्हती आणि फ्रिजमध्ये गावातल्या पेशंटचं इन्सुलिन होतं. तीनच आठवड्यांपूर्वी आमच्या एका डेअरीवाल्या सभासदानं चहा पिताना शीतखोलीच्या जनरेटरला किती डिझेल लागतं याचं गाऱ्हाणं पंधरा मिनिटं ऐकवलं होतं. मला तेच आठवलं. दोन थर्माकोलच्या पेट्या मांडीवर घेऊन मी त्याच्याकडे गेले, आणि पुढचे सहा दिवस ते सगळं इन्सुलिन दुधाच्या कॅनशेजारी सुरक्षित राहिलं. कुणाची ट्रॉली मोकळी आहे, कुणाच्या गोडाऊनचं जोतं उंच आहे, कुणाच्या आईला उचलून न्यावं लागेल, हे आम्हाला एकमेकांना विचारावंच लागलं नाही. प्रत्येक गुरुवारी थोडं थोडं कानावर पडलेलं होतं. कुठल्याही अजेंड्यावर ते कधी नव्हतं.

आणि तरुणांचं का पटतं? कारण ७ जणांच्या सभेत मीच बसलेय. सभासदांचे वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, सेक्रेटरींच्या सूचना, मग पाहुण्यांची ओळख, मग भाषण, मग आभार, राष्ट्रगीत, आणि जेवायला बसेपर्यंत पावणेदहा. लहान मुलं असलेली बाई यात येणार कशी? माझी मुलं मोठी झाल्यावरच मला जमायला लागलं.

आमचे एक ज्येष्ठ सभासद आहेत, वय ७९, सभासदत्व ३३ वर्षांचं. वय अधिक सभासदत्वाची वर्षं मिळून ८५ झाली आणि त्यात सभासदत्वाची किमान वीस असली, तर बोर्डाकडे अर्ज करून हजेरीतून सूट मिळते. त्यांची बेरीज ११२ होते. त्यांनी अर्ज केलेला नाही. दर गुरुवारी सात दहाला येतात, रजिस्टरवर सही करतात, खिशातून रुमाल काढून पितळी घंटा पुसतात आणि पहिल्या रांगेत डावीकडून दुसऱ्या खुर्चीवर बसतात. परवा मला म्हणाले, "बाई, तुम्ही काय ते ठरवा, पण मला गुरुवारी कुठं जायचं ते सांगून ठेवा." तेव्हापासून झोप नीट लागत नाहीये.

मला विचारायचंय ते असं. ज्यांनी सभा कमी केल्या, त्यांची उपस्थिती खरंच वाढली का? नियमानं हे कसं करायचं? आणि सभा साप्ताहिक ठेवूनच ती पुन्हा भरवणं कुणाला जमलंय का?

---

वैनगंगा:

ताई, मी आमच्या क्लबचा दोनदा सेक्रेटरी होतो, त्यामुळे आधी नियमाचं बोलतो. तरुण मंडळी बरोबर सांगताहेत. २०१६ च्या कौन्सिल ऑन लेजिस्लेशनपासून (रोटरीचे नियम बदलणारी परिषद) क्लबनं महिन्यातून किमान दोन सभा घेतल्या तरी चालतं. पण नुसतं अध्यक्षांनी जाहीर केलं म्हणून ते होत नाही. क्लबच्या बायलॉजमध्ये, म्हणजे क्लबच्या स्वतःच्या नियमावलीत, तसा बदल करावा लागतो. सभासदांना आधी लेखी सूचना, मतदानाच्या दिवशी कोरम, आणि दोन तृतीयांश मतं. सूचना किती दिवस आधी द्यायची ते तुमच्याच बायलॉजमध्ये असेल, कपाटातून प्रत काढून बघा. आमच्याकडे ती प्रतच सापडत नव्हती, दोन महिने त्यात गेले.

बायलॉजला हात न लावता दुसरी वाटही आहे. बोर्डाला वर्षातून चार सभा स्वतःच्या अधिकारात रद्द करता येतात, फक्त सलग तीनपेक्षा जास्त नाही. सणाच्या आठवड्यातली सभा याशिवाय रद्द करता येते. द्राक्षाच्या हंगामात या सवलती वापरा, निम्मा प्रश्न तिथंच हलका होईल. मेकअपचंही, म्हणजे चुकलेली हजेरी भरून काढण्याचंही, सभासदांना सांगा. पूर्वी चुकलेली सभा आधीच्या किंवा नंतरच्या १४ दिवसांत भरून काढावी लागायची, आता त्या रोटरी वर्षात (जुलै ते जून) कधीही चालते. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं आणि हजेरी पडली की ते लाजून येणंच सोडतात.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: आम्ही दोनवर आलो. पहिले सहा महिने उपस्थिती वाढली. मग हळूहळू पूर्वीइतकीच झाली. म्हणजे आधी चार सभांना बारा जण यायचे, आता दोन सभांना बारा येतात.

---

दर्यावर्दी:

मी लायन्सचा, रत्नागिरीकडचा. आमच्याकडे पहिल्यापासूनच महिन्याला दोन सभा आहेत, त्यामुळे कमी केल्याचं दुःख आम्हाला माहीत नाही. पण एक तोटा सांगतो. एक सभा चुकली की माणूस महिनाभर दिसत नाही, दोन चुकल्या की दीड महिना. पावसाळ्यात तर विचारूच नका. म्हणून मधल्या आठवड्यात आमचा चहा असतो, एका सभासदाच्या वखारीत. घंटा नाही, अजेंडा नाही, भाषण नाही. येईल तो येईल. मोतीबिंदू शिबिराची सगळी आखणी त्या वखारीतच झालेली आहे. तुम्ही दोन सभा आणि दोन चहा असं करून बघा. तुमच्या त्या काकांना गुरुवारी जायला जागाही राहील.

---

रातपाळी:

मी भूलतज्ज्ञ आहे. दोन वर्षं सभासद होते, मग सोडलं. सोडून गेलेल्या माणसाचं म्हणणंही इथं असावं असं वाटलं.

सभा दर आठवड्याला असते म्हणून मी सोडली नाही. ती कधी संपेल हे माहीत नसायचं, म्हणून सोडली. मला साडेआठला निघायचं असेल तर भाषणाच्या मधून उठावं लागायचं, सगळे वळून बघायचे. जेवणाचे पैसे वर्गणीत धरलेले, मी एकदाही जेवले नाही. दोन वर्षं बाकी सगळ्यांची जेवणं मी भरली असं म्हणायला हरकत नाही, आणि ते खुपायचं. पण शेवटी कारण वेगळंच झालं. सासूबाईंच्या आजारपणात मी सलग पाच सभा चुकवल्या आणि मला एकाही माणसाचा फोन आला नाही. सहाव्या आठवड्यात फोन आला तो ड्यूजसाठी, म्हणजे थकलेल्या वर्गणीसाठी.

घाटावरची ताई, तुमच्या त्या ३८ मधले जे येत नाहीत, त्यांना मत विचारण्याआधी एकदा नुसतं "कशा आहात" म्हणून फोन करा. आणि सभा साडेआठला संपवा. पाहुण्यांना आधीच वीस मिनिटं सांगून ठेवा. जेवण ज्याला हवं त्यानं पैसे देऊन करावं. हे केलं असतं तर मी अजून असते.

---

सुपारीबाग:

रातपाळी यांच्याशी शंभर टक्के सहमत.

माझी भर जागेबद्दल आहे. २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत पहिली बैठक झाली ती हॉटेलात नाही, गुस्ताव्हस लोअर या खाणव्यवसायातल्या माणसाच्या ऑफिसात झाली. युनिटी बिल्डिंग, खोली नंबर ७११. चौघंच जण होते. पुढच्या बैठका आळीपाळीनं एकेकाच्या ऑफिसात घ्यायच्या म्हणून तर नाव रोटरी पडलं. रोटरीचे संस्थापक पॉल हॅरिस वाढले अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या लहान गावात, वकिली करायला आले शिकागोसारख्या शहरात, तिथं त्यांना लहान गावातल्या ओळखीपाळखीची उणीव भासत होती. समाजसेवा नंतर आली. आधी होतं ते एकमेकांच्या धंद्याच्या जागी जाऊन बसणं.

तेव्हा फेब्रुवारीत सभा हॉलमध्ये घेऊच नका. बागायतदार सभासद येत नाहीत ना, मग सभाच त्यांच्या पॅकिंग शेडमध्ये न्या. पेट्या भरताना बघायला शहरातले डॉक्टर-वकील आनंदानं येतील. आम्ही एक सभा सभासदाच्या छापखान्यात घेतली, एक लाकडाच्या मिलमध्ये. छापखान्यातल्या सभेला सभासदांची मुलंसुद्धा आली होती, आणि मशीन बंद करायला मालक तयार नव्हता, कारण प्रत्येकाला एक कागद स्वतःच्या हातानं घालून बघायचा होता. तीस वर्षं ओळखत असलेल्या माणसाचा धंदा आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

---

घाटावरची:

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला नऊ दिवस लागले, कारण मी फोन करत होते.

रातपाळी, तुमचा प्रतिसाद वाचून त्या रात्री मी रजिस्टर घरी आणलं. दिवाळीपासून ज्यांची एकही सही नाही असे चौदा जण निघाले. चौदाही जणांना फोन केले, सभेचा विषय स्वतःहून काढला नाही. दोघं गाव सोडून मुलांकडे गेलेत, आम्हाला पत्ताच नाही. एकाचा धंदा बसलाय, वर्गणी थकली म्हणून तो तोंड चुकवत होता. तिघांनी तुम्ही लिहिलंय तेच सांगितलं, सभा संपायची वेळ. आणि एक आमचे निवृत्त मुख्याध्यापक. पंधरा मिनिटं इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, "रात्री समोरून गाडीचा उजेड आला की काही दिसत नाही हो. स्कूटर काढायची हिंमत होत नाही." मोतीबिंदू आहे. आमच्या क्लबनं दर वर्षी मोतीबिंदूची शिबिरं घेतली आहेत आणि आमच्याच माणसाला दिसत नाही हे सात महिने आम्हाला कळलं नाही. त्यांच्याच गल्लीत राहणारा आमचा एक सभासद दर गुरुवारी चारचाकीतून एकटा येतो. या गुरुवारी दोघं मिळून आले. ऑपरेशनची तारीखही मिळालीय.

बोर्डापुढं मी आता असं मांडणार आहे: जुलै ते डिसेंबर सभा साप्ताहिकच, बायलॉजला हात नाही. साडेसातला घंटा, साडेआठला राष्ट्रगीत. पाहुणे महिन्यातून दोनदाच, आणि उरलेल्या गुरुवारी सुपारीबाग म्हणतात तशी एकेका सभासदाच्या जागी सभा, नुसत्या चहावर. पहिली डेअरीत घ्यायची ठरवतेय, त्याच शीतखोलीशेजारी. जेवण ऐच्छिक. दोन सभा चुकल्या की फोन, आणि तो फोन ड्यूजचा नसेल. जानेवारीत आकडे बघून मग मत घेऊ. तरुणांनी सहा महिने थांबायचं कबूल केलंय, दोघं थोडे नाराज आहेत.

अजून एका गोष्टीवर अडलेय, त्यावर सुचवा. रात्री दिसत नाही आणि मुलं लहान आहेत अशा दोन्हींसाठी सभा संध्याकाळी सहाला घेतली तर बरं. पण आमच्यात अकरा दुकानदार आहेत, मी धरून, आणि सहा ते आठ हीच गिऱ्हाइकाची वेळ. सकाळी साडेसातची सभा कुणी चालवलीय का? गावात ती टिकते का? डेअरीवाला सभासद सोडला तर त्या वेळी कोण उठून येईल याचा मला अंदाज येत नाहीये.