सल्ला हवा: संभाव्यता सिद्धांतातले दोन नवे पीएचडी विद्यार्थी, पहिलं वर्ष, बजेट 15,000

केगाव_स्टॉप: नमस्कार मंडळी. ऑगस्टपासून सोलापुरात माझ्याकडे दोघं येताहेत, दोघांचंही एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स. आकडेमोड चांगली, मेझर थिअरी (संभाव्यतेचा काटेकोर गणिती पाया) परीक्षेपुरती. विषय रँडम वॉक (नाणं उडवून एक पाऊल पुढे किंवा मागे) आणि मार्टिंगेल (न्याय्य खेळ, पुढची सरासरी आजच्याच रकमेइतकी). आठवडा कसा आखावा आणि 15,000 रुपये कशावर घालावेत? लॅपटॉप दोघांकडे आहेत.

सिग्मा_फील्ड: आधी मेझर थिअरी, सहा महिने दुसरं काही नाही. स्टॅटिस्टिक्सवाल्यांना कंडिशनल एक्स्पेक्टेशन (काही माहिती हाती असतानाची सरासरी) म्हणजे घनतांचा भागाकार वाटतो. ती ज्यावर उभी आहे त्या रेडॉन-निकोडिम प्रमेयापर्यंत नेल्याशिवाय ते डोक्यातून जात नाही. आणि लॅपटॉप 32 जीबीचा घ्या, महाग असला तरी.

शेंगाचटणी: बजेट 15 हजार लिहिलंय की ओ! आणि लॅपटॉप आहेत म्हणतायत. रँडम वॉकला 32 जीबी कशाला? जुन्या डब्यावरही चालतं. गॅम्बलर्स रुइन (जुगाऱ्याचं दिवाळं) द्या: 10 पासून निघायचं, 0 किंवा 100 ला थांबायचं, नाणं खरं. 100 गाठायची शक्यता 0.1, सरासरी 900 पावलं. 10,000 वेळा चालवलं की स्टँडर्ड एरर (नशिबाने पडणारा साधारण फरक) 0.003. उत्तर 0.083 आलं तर नशिबावर ढकलू देऊ नका, बहुधा पोराने लूप 5,000 पावलांवर तोडलेला असतो. जे वॉक 100 गाठतात त्यांना सरासरी 3,300 पावलं लागतात, म्हणून कात्री त्यांच्यावरच जास्त चालते. हे त्याला स्वतः सापडू द्या.

एन_अनंताकडे: प्रमेय शिकवताना दर वेळी एक अट काढून टाका आणि कुठे मोडतं ते शोधायला लावा. ऑप्शनल स्टॉपिंगला (काही अटींत, न्याय्य खेळ केव्हा थांबायचं ते ठरवून सरासरी बदलत नाही, हे प्रमेय) हे उदाहरण: वॉक 0 पासून निघतो, पहिल्यांदा 1 ला पोचला की थांबायचं. पोचतो नक्की, मग थांबल्यावरची अपेक्षा (म्हणजे सरासरी) 1, सुरुवातीची 0. थांबण्याचा सरासरी वेळ अनंत आहे, तिथे पाणी मुरतंय. तसंच, एक्स-एन हा चल घ्या: किंमत 1/एन शक्यतेने एन, नाहीतर 0. एन वाढेल तसा संभाव्यतेत 0 कडे जातो (0 नसण्याची शक्यता संपत जाते), अपेक्षा मात्र कायम 1. लिमिट आणि अपेक्षा अदलाबदल करणारा हात इथेच थांबतो.

साळी_गल्ली: 'प्रायिकता' म्हणा हो.

शेंगाचटणी: दहावीच्या पुस्तकात 'संभाव्यता'च आहे. प्रायिकता हिंदीवाल्यांची.

साळी_गल्ली: मग 'मार्टिंगेल'ला मराठी शब्द सांगा पाहू.

जुना_परीक्षक: मूळ प्रश्नावर या. आठवड्यातून एकदा 90 मिनिटं, विद्यार्थी उभा, हातात कागद नाही, एक सिद्धता. मार्गदर्शकाने फक्त 'का?' विचारायचं. अडकला की लगेच वाचवू नका, दहा मिनिटं तसंच राहू द्या. शुक्रवारी त्याच्याकडून अर्धं पान: काय करून पाहिलं, कुठे अडलं, एन = 2 आणि 3 ला काय होतं. तिसऱ्या दिवशीही तिथेच असेल तर प्रश्न छोटा करा. पेपरची घाई नको, 2022 च्या यूजीसी नियमांत प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती उरलेली नाही. कोर्सवर्कचे किमान 12 क्रेडिट मात्र आहेत, ते गृहीत धरूनच आखा. विद्यापीठाचा स्वतःचा नियम वेगळा पाहून घ्या.

उद्यान_एक्स्प्रेस: पैसे प्रवासाला ठेवा. बेंगळुरूला आयएसआय (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) आणि आयसीटीएस (सैद्धांतिक विज्ञानांचं केंद्र) दोन्ही आहेत, सोलापुरातून थेट गाडी. नॅशनल सेंटर फॉर मॅथेमॅटिक्सच्या प्रशिक्षण शाळांना अर्ज करायला लावा. एकट्या सोलापुरात बसून विषयाची हवा कळत नाही, हे बोचलं तरी खरं आहे.

सिग्मा_फील्ड: तरी मेझर थिअरी आधीच.

एन_अनंताकडे: अट काढून पाहा, हे पुन्हा सांगतो. आणि रोज सकाळी अर्काइव्ह (छापण्याआधी पेपर टाकतात ती वेबसाइट) च्या प्रोबॅबिलिटी विभागातले फक्त गोषवारे, 15 मिनिटं.

केगाव_स्टॉप: सगळ्यांचे आभार. ठरलं. पैशांतून 8 बाय 4 चा फळा घेतोय, उरलेल्यात खडू आणि कागद. कोणीच सुचवला नव्हता. व्हाइटबोर्ड नको, मार्कर वाळतात आणि पोरं घाईने पुसतात. मेझर थिअरी आधी नाही, जिथे अडेल तिथे. रँडम वॉक पहिल्या दिवसापासून. 90 मिनिटांची बैठक शनिवारी सकाळी.

जुना_परीक्षक: शनिवारी? जानेवारीत गड्डा (सिद्धेश्वराची यात्रा) भरला की कोण येतंय बघा.

शेंगाचटणी: आणि भिंतीला खिळे ठोकायची परवानगी घेतली का?