कायद्याची घटनात्मक तपासणी: लागू होण्याआधी की नंतर?

शाईफेक
राजकीय पक्षांना निनावी देणगी देता येणारी निवडणूक रोखे योजना २०१८ मध्ये आली. सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली १५ फेब्रुवारी २०२४ ला. तोवर हजारो कोटींचे रोखे विकून, वटवून झाले होते आणि एक लोकसभा निवडणूकही उरकली होती. वरातीमागून घोडं! फ्रान्समध्ये संसदेने मंजूर केलेला कायदा राष्ट्राध्यक्षांच्या सहीआधीच घटना परिषदेकडे (कायदा राज्यघटनेला धरून आहे का हे तपासणारी संस्था) नेता येतो. १९७४ पासून कुठल्याही सभागृहाच्या ६० सदस्यांनाही ती मुभा आहे आणि परिषदेला महिन्याभरात निर्णय द्यावा लागतो. आपल्याकडे हे का नको?

तिसरा_बाक
अजिबात सहमत नाही. कागदावर निर्दोष दिसणारा कायदा कुणावर तरी चालवला जातो तेव्हाच त्यातली गोम कळते. खुद्द फ्रेंचांना १ मार्च २०१० पासून दुसरं दार उघडावं लागलं: चालू खटल्यातला पक्षकार आता लागू असलेल्या कायद्यावरही आक्षेप घेऊ शकतो. आणि परिषदेत बसतं कोण? तीन सदस्य राष्ट्राध्यक्षांचे, तीन-तीन दोन्ही सभागृहांच्या अध्यक्षांचे, शिवाय माजी राष्ट्राध्यक्षांना तहहयात जागा. म्हणजे ज्यांनी कायदे केले तेच परीक्षक. त्यापेक्षा अमेरिकेची रीत बरी, तिथे साधं जिल्हा न्यायालयही कायदा घटनाबाह्य ठरवू शकतं.

कावेरी_न
दोघांनीही जर्मनी सोडलंत. कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयात बुंडेस्टागचे (संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे) एक चतुर्थांश सदस्य कायद्याला आव्हान देऊ शकतात, आणि सामान्य नागरिकही मूलभूत हक्कांसाठी जाऊ शकतो. १६ न्यायाधीश, १२ वर्षांची एकच मुदत, निवडीला दोन तृतीयांश बहुमत. त्यामुळे विरोधकांना विचारल्याशिवाय सहसा भागत नाही.

तिसरा_बाक
पण सगळी सत्ता एकाच न्यायालयात ठेवली की ते काबीज करणंही सोपं. २०१५ नंतर पोलंडमध्ये सत्ताधाऱ्यांनी घटना न्यायालयात आपली माणसं बसवली, ते दुसरं काय होतं?

कावेरी_न
म्हणूनच जर्मनांनी डिसेंबर २०२४ मध्ये न्यायाधीशांची संख्या आणि मुदत थेट राज्यघटनेत घातली.

जुना_वकील
मूळ उदाहरणाकडे येऊ या. आपल्या न्यायालयाला स्थगितीचा अधिकार आहेच की. जानेवारी २०२१ मध्ये कृषी कायद्यांना दिली होती. रोख्यांना मात्र २०१९ मध्ये दिली नाही (पक्षांनी देणगीदारांचा तपशील बंद लिफाफ्यात द्यावा, एवढंच सांगितलं) आणि २०२१ मध्येही नाही. अधिकार होता, वापरला नाही. यात फ्रेंच परिषद काय करणार?

शाईफेक
साहेब, माझं म्हणणं नेमकं तेच आहे. स्थगिती द्यायची की नाही, सुनावणी कधी घ्यायची, सगळं न्यायालयाच्या मर्जीवर. परिषद नको तर नको, मुदत तरी घाला. महिना कमी वाटत असेल तर सहा महिने घ्या.

जुना_वकील
आणि मुदतीत निकाल आला नाही तर? कायदा वैध धरायचा की स्थगित? वैध धरलात तर सरकारी वकील तारखाच मागत बसतील. स्थगित धरलात तर प्रत्येक कायद्याविरुद्ध पहिल्याच दिवशी याचिका पडेल. आधी हे ठरवा.