पावसाळ्याआधी वॉर्डची पुराची तयारी कशी करून घ्यावी? नर्सिंगमधल्यांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी चिपळूणकडे एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, ११ वर्षं झाली. यंदा इन्चार्ज सिस्टरनी वॉर्डच्या आपत्तीच्या तयारीचं काम माझ्याकडे दिलंय आणि मला ते फाईलपुरतं करायचं नाहीये.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चढलं तेव्हा मी नाईटला होते. लाईट गेली, जनरेटर तळमजल्यावर म्हणून तोही बुडाला, पेशंट चादरीत घालून जिन्याने वर नेले. ऑक्सिजनचा सिलेंडर होता हो, पण तो उघडायचा पाना स्टोअरच्या कपाटात आणि चावी ज्यांच्याकडे ते स्वतःच घराच्या माळ्यावर अडकलेले, शेवटी आमच्या मावशींनी दगडाने कुलूप फोडलं. सकाळची रिलीव्हर आलीच नाही, येणार तरी कशी, आणि माझं अर्धं लक्ष घरी, सासूबाई आणि ४ वर्षांचा मुलगा, फोन लागत नाही.

तेव्हापासून बघतेय, ज्यांनी तो पूर काढलाय त्या सिस्टर आभाळ भरून आलं की न सांगता टॉर्चचे सेल, अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) बघून ठेवतात. नवीन मुली हुशार आहेत, ट्रायेजचे, म्हणजे कोणत्या पेशंटला आधी बघायचं ते ठरवायचे, लाल पिवळा हिरवा काळा रंग तोंडपाठ, पण अंधारात सिलेंडरचा रेग्युलेटर बदल म्हटलं की हात थांबतो कारण कुणी करूनच घेतलेलं नाही. मॉक ड्रिल दिवसा होतं, फोटो निघतात, नाईटवाल्या आणि कंत्राटी मुली त्यात नसतातच. आणि लहान मुलं घरी टाकून थांबायला जी घाबरते तिला कामचुकार म्हणतात ते मला अजिबात पटत नाही.

तर रात्री २ सिस्टर आणि ४० पेशंट असताना सराव घ्यायचा कसा? आणि स्टाफच्या घरच्यांची सोय कुणी केलीय का?

---

प्रतिसाद: ताई, मी महाडची, सावित्री नदीने आम्हालाही तेव्हाच झोडपलं. मोठ्या ड्रिलची वाट बघू नका. आम्ही ड्युटी बदलताना हँडओव्हरला ५ मिनिटं रिकाम्या सिलेंडरवर डोळे बांधून रेग्युलेटर काढायला-लावायला देतो, रोज एकीला, कंत्राटी असो की कायम. पाना साखळीने सिलेंडरलाच बांधलाय. घरचं म्हणाल तर जोड्या लावल्यात, जिचं घर उंचावर ती दुसरीची मुलं घेते. आणि अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या तारखा ड्युटीलिस्टवर लाल पेनाने लिहा, भरती असली की नदीचं पाणी उतरतच नाही, त्या रात्री एक सिस्टर जास्तीची मागून घ्या.